पालक कोणाला म्हणायचं?

सरकारी कागदांत एक शब्द गेली तीस वर्षं सारखा येतोय. पालकांचा सहभाग. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, झेडपीच्या परिपत्रकात असतो, साहेबाच्या भाषणात तर हटकून असतो. आणि ज्या तोंडानं हा शब्द निघतो त्याच तोंडातून पुढचं वाक्यही निघतं. ह्या वस्तीतल्या लोकांना लेकरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही. मीटिंगला बोलावलं तरी येत नाहीत.

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आपल्यातले शिकलेलेही आता ते बोलू लागलेत. नोकरी लागली, कॉलनीत घर झालं, की आपलाच माणूस वस्तीतल्या बाईला सांगतो, तुम्हीच ध्यान देत नाही. म्हणून हा इतिहास एकदा ओळीनं मांडला पाहिजे. मी विद्यापीठातला माणूस नाही. लातूरच्या एका डाळ मिलमधे पोती वाहतो. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, बाबासाहेबांचे खंड चाळून जे हाती लागलं ते इथं ठेवतोय. पडताळून घ्या आणि वस्तीत सांगा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या आईबापांनी शाळेकडं पाठ फिरवली नव्हती, शाळेनं त्यांना दारातून हाकललं होतं. मग हाकलणाऱ्यांनीच त्यांना पालकाचं कर्तव्य शिकवायला घेतलं. आता कायद्यानं त्यांना शाळेच्या कारभारात खुर्ची दिलीय, तर ती अंगठ्यापुरती ठेवायचा बेत चाललाय. ती खुर्ची ताब्यात घेणं हे आपलं काम आहे.

सुरुवात पुण्यापासून. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी महारामांगांच्या लेकरांसाठी शाळा काढल्या तेव्हा लेकरं आपोआप आली नाहीत. लहुजी मांग आणि राणबा महार वस्तीत फिरले, आईबापांना समजावलं, पोरं गोळा केली. पालकांच्या सहभागाचं पहिलं पान ह्या दोघांच्या नावानं लिहावं लागेल. त्यांना कोणी परिपत्रक धाडलं नव्हतं. १८५५ मधे त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांगाच्या पोरीचा निबंध ‘ज्ञानोदय’मधे छापून आला. महारामांगांच्या दुःखाचा जाब तिनं त्यात थेट धर्माला विचारला. वय चौदाच्या आसपास. तिला शाळेत धाडणारं माणूस घरात होतं म्हणून ती लिहू शकली. ते माणूस पालक नव्हतं काय?

पुढल्याच साली, जून १८५६ मधे, धारवाडला एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत नाव घाला म्हणून अर्ज केला. फी भरायची तयारी, शिकायची तयारी. मुंबई सरकारनं उत्तर काय दिलं? न्याय तुझ्या बाजूनं आहे हे आम्हाला कबूल, पण तुला एकट्याला घेतलं तर बाकीची पोरं शाळा सोडतील, म्हणून घेता येत नाही. म्हंजे शाळा सरकारची, पैसा रयतेचा, आणि शाळेत कोण बसणार हे ठरवणार वरच्या जातीचे पालक! नीट बघा, पालकांचं ऐकायची पद्धत तेव्हाही होतीच. फक्त पालक कोणाला म्हणायचं ते ठरलेलं होतं. १८५८ मधे विलायतेहून कंपनीच्या डायरेक्टरांनी कळवलं की सरकारी शाळा सगळ्या वर्गांसाठी आहेत. पण कागद विलायतेचा आन शाळा गावाची. १८८१-८२ साली मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळांत आपली लेकरं शंभरात एकही पुरती भरत नव्हती. हा आकडा बाबासाहेबांनी १९२८ मधे सायमन कमिशनपुढं ठेवला.

१८८२ मधे हंटर कमिशन आलं. जोतिबांनी त्याच्यापुढं लेखी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा, आणि महारमांगांची लेकरं जातीच्या विटाळामुळं शाळेबाहेर ठेवली जातात, त्यांच्यासाठी शाळा काढा. सक्ती हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट ह्या शब्दाभोवती फिरते.

सक्ती म्हंजे कोणावर? बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मधे अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मधे सगळ्या संस्थानाला लागू केलं. गोखल्यांनी १९११ मधे कलकत्त्याच्या कौन्सिलात तसंच बिल आणलं. सरकारी सभासद आणि जमीनदार मिळून पुढल्या साली ते पाडलं. कुणब्यामहाराची पोरं शाळेत बसली तर गुरं कोण राखणार, शेण कोण उचलणार, ही ती भीती. मग १९१७ मधे शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया म्हंजे मजुराच्या कित्येक दिवसांचं पोट. कोणी म्हणेल गरिबावर दंड कशाला. पण महाराजांनी नुसता दंड बसवला नाही. फी माफ केली, गावोगाव शाळा उघडल्या, आणि १९१९ मधे अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी लेकरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. आधी राजानं आपलं कर्तव्य केलं, मग बापाला कर्तव्य विचारलं. हा क्रम मोडला की सक्तीचा अर्थच उलटा होतो. तो पुढं मोडला, ते सांगतोच.

आपल्या आईबापांचं म्हणाल तर रामजी सुभेदारांचं एकच उदाहरण बास आहे. लेकराच्या पुस्तकासाठी पोरींचे दागिने गहाण टाकणारा बाप. ते लेकरू साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसलं. गोणपाट घरून द्यायचं, तहान लागली तर कोणी वरून पाणी ओतायची वाट बघायची, आणि तरी रोज शाळेत धाडायचं. असे बाप सगळीकडं होते. सगळ्यांचीच लेकरं बाबासाहेब झाली नाहीत म्हणून त्यांची नावं राहिली नाहीत.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. त्यातली तळी-विहिरी आपल्याला पाठ आहेत. त्याच ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या हे आपण विसरतो. तसंच महाडचं. मार्च १९२७ च्या महाड परिषदेनं जे ठराव केले त्यात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचीही मागणी होती. आता विचार करा. त्या मांडवात कोण बसलं होतं? कोकणातले महार, काठीला घोंगडी लावून चालत आलेले, घरी शाळेच्या वयाची लेकरं असलेले. ज्याला शिक्षणाचं पडलेलं नाही तो माणूस सरकारला म्हणेल का, की माझ्यावर सक्ती कर?

मग शाळेत लेकरं दिसत कामून नव्हती? ह्याचं उत्तर १९३० मधे आलेल्या स्टार्ट कमिटीच्या अहवालात आहे. बाबासाहेब त्या कमिटीवर होते. अस्पृश्य माणूस हक्क बजावायला गेला की गाव त्याच्यावर बहिष्कार टाकतं. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. पोटाला चिमटा बसतो. कमिटीनं हे साफ लिहून ठेवलंय. शाळेत धाडायचं तर लेकराच्या दप्तरासंगट घरातली भाकरही पणाला लावावी लागत होती. ह्याला बेफिकिरी म्हणायचं?

आता आपल्या मुलखाकडं येऊ, कारण वरचं सगळं इंग्रजी आणि संस्थानी मुलखातलं झालं. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या हैद्राबादेत. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव, त्याचा जिल्हा झाला १९८२ मधे. इथं डायरेक्टरांचा कागद लागू नव्हता, बोल्यांचा ठराव लागू नव्हता, महाडचे ठराव ऐकणारं कौन्सिल नव्हतं. शाळा थोड्या, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि वेठ मात्र भरपूर. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यावर राबणाऱ्या माणसाला शाळेची पायरी दिसायचीच नाही. तरीही १९३८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब मोऱ्यांनी मक्रणपूरला परिषद भरवली, बाबासाहेब आले आणि मराठवाड्यातली माणसं निजामाच्या पोलिसाला न जुमानता तिथं गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही गेली. १९५० मधे बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. नांदेडची, लातूरची, परभणीची पोरं पत्र्याची पेटी घेऊन तिथं गेली. गाडीभाड्याला कोणी शेळी विकली, कोणी सालाचे पैसे आगाऊ उचलले. त्यांच्या घरी कोणी पालक-मेळावा घेतला नव्हता.

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. तिच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं, राज्य दहा वर्षांच्या आत चौदा वर्षं वयापर्यंतच्या सगळ्या लेकरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. दहा वर्षं म्हंजे १९६०. हे कर्तव्य सांगितलं होतं कोणाला? राज्याला. १९६० आलं, गेलं. महाराष्ट्र झाला, १९६२ मधे जिल्हा परिषदा झाल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडं आल्या. दहाची वीस झाली, वीसची चाळीस झाली. २००२ मधे ८६ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा शिक्षण मूलभूत हक्क झालं, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच दुरुस्तीनं नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत अकरावं कर्तव्य घातलं, सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शिकायची संधी देणं हे आईबापाचं कर्तव्य. राज्यानं आपली मुदत बेचाळीस वर्षं चुकवली त्याला शिक्षा नाही. पालकाच्या नावावर मात्र कर्तव्याची नोंद. शाहू महाराजांनी लावलेला क्रम मोडला म्हणालो तो हा.

मधल्या काळात मराठवाड्यात काय घडलं ते सोडून पुढं जाता येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना हालहाल करून मारलं. भांडण विद्यापीठाच्या नावाचं, आणि घरं जाळली कोणाची? ज्यांनी विद्यापीठाची पायरीही बघितली नव्हती त्यांची. जाळणाऱ्याला बरोबर कळलं होतं की ह्या घरांतली लेकरं एक दिवस तिथं पोचणार आहेत. सोळा वर्षं लढा चालला. नोव्हेंबर १९९३ मधे नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

आणि त्याच १९९४ साली, वर्ष सरता सरता, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. लोक त्याला डीपीईपी म्हणायचे. जागतिक बँकेच्या कर्जाचा पैसा. महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे कोणते? नांदेड, लातूर, परभणी, औरंगाबाद, उस्मानाबाद. ज्या जिल्ह्यांत बायांची साक्षरता देशाच्या सरासरीखाली, ते निवडायचे असा निकष होता. १९९१ च्या खानेसुमारीत ती सरासरीच जेमतेम ३९ टक्के होती. कार्यक्रमाची अट अशी की शाळेचा आराखडा गावानं करायचा. ग्राम शिक्षण समिती करायची, आया-बापांना बोलवायचं, गळती दहा टक्क्यांच्या खाली आणायची, जातीजातीतला आणि पोर-पोरीतला फरक पाच टक्क्यांच्या आत आणायचा. कागद वाचला तर खोट काढायला जागा नाही.

पण ‘गाव’ म्हंजे कोण? १९७८ मधे ज्यानं पेट्रोलचा डबा धरला आणि ज्याचं घर जळलं, ते दोघं सोळा वर्षांनी एका सतरंजीवर बसून शाळेचा आराखडा करतील, असं बँकेच्या साहेबाला वाटलं असेल. आपल्याला नाही वाटत. सहभागाचा दुसरा अर्थ निघाला लोकवर्गणी. गावानं वर्गणी करून शाळेला रंग द्यावा, पंखा द्यावा, कुंपण घालावं. ज्यानं पंखा दिला त्याचं नाव पंख्याच्या पात्यावर आणि शब्द समितीत. ज्याच्याकडं द्यायला पंखा नाही त्यानं मागं बसायचं. आधी जातीनं मागं बसवलं होतं, आता वर्गणीनं.

एक गोष्ट मात्र ह्याच काळातली नोंदवून ठेवतो. १९९२ पासून महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या पोरींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. १९१७ मधे एक रुपया बापाकडून घेतला जायचा, १९९२ मधे एक रुपया पोरीला दिला जाऊ लागला. पण ह्या दोन रुपयांची किंमत एक नाही. पहिल्या रुपयानं बापाला धाक बसायचा. दुसऱ्यात पोरीची पेन्सिलही धड येत नाही.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून लागू. हा कायदा मी स्वतः कलम कलम वाचलाय आणि तुम्हीही वाचा, कारण आपल्यातले पुष्कळ जण त्याला खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागांपुरताच ओळखतात. कलम २१ म्हणतं, प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात चारात तीन सभासद पालक हवेत. अर्ध्या बाया हव्यात. आणि आपल्या कामाची ओळ ही, की वंचित आणि दुर्बल घटकांच्या लेकरांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायच्या. शाळेत शंभरातली चाळीस लेकरं आपली असतील तर पालकांच्या जागांतही तोच हिशोब. अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदान कसं खर्च होतं त्यावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा करणं, ही समितीची कामं. धारवाडच्या त्या पोराला १८५६ मधे वरच्या जातीच्या पालकांच्या नावानं हाकललं होतं. दीडशे वर्षांनी कायदा म्हणाला, त्या पोराचा बापच शाळेचा कारभार बघेल. कागदावर ही क्रांतीच आहे.

आता कागदाबाहेर. माझी माय एका शाळेच्या समितीवर दोन वर्षं होती. हे तिला सहा महिन्यांनी कळलं. एका सांजेला शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला, म्हणाला, मावशी हितं सही करा. माय म्हणाली, कशापायी? तो म्हणाला, तुमी मेंबर हाव की. मागच्या सगळ्या मीटिंगांत ती ‘हजर’ होती. बाई म्हणून एक जागा भरली, आपल्या जातीची म्हणून एक जागा भरली, एकाच बाईत दोन अटी बसल्या. अध्यक्ष कोण होणार ते आधीच गावातल्या मोठ्या घरात ठरलेलं होतं. मायनं विचारलं, मीटिंग असते कवा? शिपाई म्हणाला, अकरा वाजता.

अकरा वाजता! ह्या अकरामधे सगळं राजकारण आहे. अकरा वाजता माझी माय कोणाच्या तरी रानात खुरपत असते. आमच्या मिलमधे अकरा वाजता गेटबाहेर गेलं की अर्धा रोज कटतो. लेकराच्या शाळेसाठी रजा मागितली तर मुकादम हसतो. मास्तरला मीटिंगचा पगार चालू असतो, शेतमालकाला रोज नसतो. फक्त आपल्या माणसाला सहभागासाठी खिशातले पैसे मोजावे लागतात. आणि मग शेरा पडतो, पालक उदासीन. कंधार-मुखेडकडची माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, देगलूर-बिलोलीकडची वीटभट्टीवर तेलंगणात. पाच-सहा महिने गाव रिकामं. त्याच महिन्यांत आराखडा होतो, खर्च होतो, मीटिंगा होतात. कोयत्यावर गेलेल्या आईबापांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालवायची योजना आहे, तेही समितीमार्फतच. म्हंजे ज्यांच्या लेकरांसाठी वसतिगृह, ते उसाच्या फडात, आणि त्यांच्या वतीनं हिशोब लिहिणारे गावात.

हे सगळं बघून आपले काही दोस्त म्हणतात, सोडा, ह्या समित्या म्हंजे नाटक आहे. मला ते पटत नाही. कारण सांगतो. १९७२ मधे आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडून घेतलं. त्याच काळ्या लोकांचा एक किस्सा आपल्याकडं फारसा कोणी सांगत नाही. १९६५ मधे अमेरिकन सरकारनं गरिबांच्या लहान लेकरांसाठी हेड स्टार्ट नावाचा कार्यक्रम काढला. कार्यक्रम चालवण्यात गरिबांचा शक्य तितका जास्त सहभाग हवा अशी कायद्यातच अट होती. मिसिसिपी राज्यात काळ्या शेतमजुरांनी ती अट खरी मानली. चर्चमधे, पडक्या घरांत त्यांनी शेकडो-हजारो लेकरांची बालकेंद्रं उभी केली. शिकवणारे कोण? कापूस वेचणाऱ्या आया. पगार सरकारी, म्हंजे गोऱ्या जमीनदाराच्या हातातून सुटलेला. एवढं झालं आणि गोऱ्या सिनेटरांनी बोंब ठोकली. हिशोबात घोळ आहे, चळवळीची माणसं पोसली जातायत. १९६६ मधे त्या संघटनेचा निधी तोडला आणि दुसऱ्या, सरकारला सोयीच्या मंडळाकडं वळवला. लोक लढले, काही निधी परत मिळवला.

ह्यातून मला दोन गोष्टी दिसतात. पालकाच्या हातात पैसा आणि निर्णय आला की वरचे लोक घाबरतात, कारण ती सत्ता खरी असते. दुसरी, ज्या दिवशी ती खरी होते त्या दिवशीच ती काढून घ्यायचा प्रयत्न होतो. आपल्याकडंही बघा. झेडपीच्या शाळेतल्या लेकरांचा गणवेश समिती घ्यायची. २०२४ मधे सरकारनं ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून ते काम वर ओढलं. कापड वरून, शिलाई भलतीकडं. कितीतरी शाळांत गणवेश महिनोन्‌महिने आलाच नाही, आला तो कोणाला लांडा, कोणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मधे सरकारला निर्णय फिरवून गणवेशाचं काम परत समित्यांकडं द्यावं लागलं. ज्या समितीला आपण नाटक म्हणतो तिच्याकडून सरकार काम काढून घेतं आणि तोंडावर आपटून परत देतं. रिकाम्या भांड्यासाठी कोणी एवढी ओढाताण करत नाही.

तसंच खिचडीचं. २००१ मधे सुप्रीम कोर्टानं शाळेत शिजवलेलं अन्न द्यायचा हुकूम केला आणि २००४ मधे सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या. आपल्या मायबहिणीच्या हातचं सगळ्या गावाच्या लेकरांनी एका पंगतीत खायचं. महाडच्या पाण्याइतकाच हा मोठा प्रश्न आहे. तुमच्या गावच्या शाळेत चुलीपाशी कोण आहे, आणि ती नेमणूक कोणत्या मीटिंगमधे झाली, हे रजिस्टरमधे लिहिलेलं असतं. आपल्यातल्या कोणी ते रजिस्टर उघडून बघितलंय?

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. जयंतीची मिरवणूक काढा, पुतळ्याला हार घाला, त्यासंगट वर्षातून काही दिवस ह्या कामाला द्या. समिती दर दोन वर्षांनी नव्यानं होते आणि पालकांच्या सभेतून निवडायची असते. ती सभा कधी आहे ते आधी हुडका. वस्तीतल्या सगळ्या आयांना घेऊन जा, एकट्या बाईला धाडू नका. शाळेच्या पटाचा आकडा मागा आणि आपल्या जागा मोजून घ्या. मीटिंग सांजच्याला किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा असा ठराव पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. कोयत्यावर जाणाऱ्यांच्या गावात आराखडा पावसाळ्यातच करायला लावा. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही हे मायबहिणींना शिकवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशेजारी वस्तीतली दहावीची पोरगी बसवा. लेकरांना वेगळं बसवणं, झाडायला लावणं, जातीवरून बोलणं दिसलं तर कलम ३२ खाली झेडपीकडं किंवा नगरपालिकेकडं लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे, आणि दिला नाही किंवा पटला नाही तर वर अपील आहे.

आणखी एक काम तातडीचं आहे. २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं घाटतंय. कमी पटाची शाळा म्हंजे बहुतेकदा तांड्यावरची, वाडीवरची, आपल्या वस्तीजवळची. गावकुसाबाहेर एकदाची शाळा आली, आणि आता ती परत गावात, लांबच्या रस्त्यावर न्यायची. सात वर्षांची पोर हायवे ओलांडून जाणार नाही, ती घरीच बसेल, आणि मग लिहितील, पालक उदासीन. समितीचा ठराव तिथं कामाला येतो. ज्या शाळेची समिती जागी आहे, जिच्या रजिस्टरवर पन्नास आयाबापांच्या खऱ्या सह्या आहेत, ती शाळा गुपचूप बंद करणं साहेबाला जड जातं.

माझ्या मायनं पुढच्या वेळी सही केली नाही. शिपायाला म्हणाली, रजिस्टर ठिव, लेक कामावरून आल्यावर वाचून दाखवल, मग बघू. तो रजिस्टर ठेवायला तयार नव्हता. पण सही न घेताच परत गेला. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक गावात अशी एकेक बाई उभी करायची आहे. यादी करायला घ्या.

जयभीम.